घोडे दोन दिवस, शूटिंग पाच दिवस : जुन्या हॉलिवूडच्या रीतीने पुण्याच्या माळावर पाठलागपट

खिशात पैसा थोडा आणि डोक्यात घोड्यांचा पाठलाग, अशा वेळी बरेच तरुण दिग्दर्शक संहितेतून घोडे काढतात आणि मोटारसायकली घालतात. त्याची गरज नाही. वीस मिनिटांचा लघुपट दोन घोडे, तेरा-चौदा माणसं आणि पाच दिवस एवढ्यात नीट होतो. त्याची रीत १९३० च्या दशकात हॉलिवूडच्या छोट्या निर्मात्यांनी बसवून ठेवली आहे, आणि सासवड-जेजुरीच्या माळावर ती फारसा बदल न करता चालते.

हॉलिवूडमधला पहिला स्टुडिओ नेस्टर कंपनीने १९११ मध्ये सनसेट आणि गॉवर या रस्त्यांच्या नाक्यावर सुरू केला. पुढे त्याच परिसरात लहान-लहान कंपन्यांची दाटी झाली आणि त्याला 'पॉव्हर्टी रो', म्हणजे गरिबांची आळी, असं नाव पडलं. कामाच्या शोधातले घोडेस्वार स्वतःचेच कपडे, बूट, टोपी चढवून त्या नाक्यावर उभे असत. मोनोग्रॅम, मॅस्कॉट, सुप्रीम, रिलायबल, नंतरची पीआरसी (प्रोड्यूसर्स रिलीझिंग कॉर्पोरेशन), ही या जगातल्या कंपन्यांची नावं. पॉल मालव्हर्न या निर्मात्याने 'लोन स्टार' या नावाखाली १९३३ ते १९३५ या काळात जॉन वेन या नटाला घेऊन १६ वेस्टर्न, म्हणजे काउबॉय घोडेस्वारांचे पट, काढले. प्रत्येक पट तासाभराच्या आतला, खर्च दहा-पंधरा हजार डॉलरच्या घरातला, शूटिंग जेमतेम आठवड्याचं.

इतक्या कमीत ते का करत, हे आधी समजून घेतलं पाहिजे, कारण सगळी पद्धत त्यातून निघते. मोठ्या कंपनीचा चित्रपट थिएटरच्या गल्ल्यातला हिस्सा घेई. हे छोटे पट मात्र ठरीव भाड्याने जात. शिवाय निर्माता देशभर स्वतः वितरण करत नसे. एकेका राज्याचे किंवा प्रदेशाचे हक्क तिथल्या वितरकाला विकून मोकळा होई. म्हणजे पट कितीही चांगला झाला तरी मिळणारी रक्कम साधारण आधीच माहीत असे. खर्च त्या रकमेच्या खाली ठेवायचा, आणि संहितेचं पहिलं पान लिहिण्याआधी ठेवायचा. आपला लघुपट स्पर्धेत जाईल, महोत्सवात जाईल, यूट्यूबवर जाईल. त्यातून हातात काय पडणार याचा प्रामाणिक अंदाज करा आणि तो आकडा कागदाच्या डोक्यावर लिहा.

मग त्याची वाटणी. घोडे, घोडेवाले आणि घोड्यांची ने-आण यांना ३० टक्के. जेवण, मुक्काम, गाड्या २५. कॅमेरा आणि ध्वनी १५. कपडे, सामान, जागा १०. संकलन आणि ध्वनिमिश्रण १०. उरलेल्या १० टक्क्यांना शेवटच्या दिवसापर्यंत हात लावायचा नाही. हे प्रमाण बिघडतं ते बहुधा कॅमेऱ्यापाशी: भारी लेन्सचा संच भाड्याने घेतला जातो आणि घोडा दोन दिवसांऐवजी एकच दिवस मिळतो. पाठलागपटात प्रेक्षक घोडा बघायला बसलेला असतो. साधा मिररलेस कॅमेरा, एक झूम आणि एक वाइड लेन्स पुरते.

कथा जागेवरून लिहायची

थॉमस इन्स या निर्मात्याने १९१२ च्या सुमारास सांता मोनिकाजवळच्या डोंगरात 'इन्सव्हिल' उभारलं, तेव्हा त्याने एक शिस्त घातली: शूटिंगआधी दृश्यवार, शॉटवार लिहिलेली संहिता तयार असली पाहिजे, आणि त्यातून कुठल्या जागेवर कोण लागणार याची यादी निघाली पाहिजे. पुढे सगळ्या हॉलिवूडने ती उचलली. कमी पैशात काम करणाऱ्याला तिच्यावाचून गत्यंतरच नाही.

आपल्यासाठी चार जागा ठरवा, पाचवी नको. मोकळा माळ, बंद दगडखाण, पडवी असलेलं एक जुनं घर, आणि विहीर किंवा पार. चारही जागा मुक्कामापासून दहा किलोमीटरच्या आत हव्यात. सामान गुंडाळून, गाड्यांत भरून, दुसरीकडे उतरवेपर्यंत दीड तास जातो. दिवसातून दोनदा जागा बदलली की चौदा माणसांचे तीन तास वाया. हॅरी शर्मनसारखा जरा ऐपतीचा निर्माता हॉपअलाँग कॅसिडी या काउबॉय नायकाच्या पटांसाठी लांब लोन पाइनपर्यंत जाई. त्याच्याहून लहान मंडळी बहुतेक वेळा चॅट्सवर्थचं इव्हर्सन रँच, न्यूहॉल, नाहीतर ग्रिफिथ पार्कमधलं ब्रॉन्सन कॅन्यन यांवरच भागवत. ब्रॉन्सन कॅन्यन म्हणजे मुळात दगडखाण. तिथली कातळभिंत कॅमेऱ्यात दरी दिसते, गुहा दिसते, दरोडेखोरांचा तळ दिसतो. पुण्याभोवती अशा बंद खाणी पुष्कळ आहेत. फक्त पाणी भरलेली खाण घेऊ नका, आणि कड्याच्या खाली माणूस उभा करायचा असेल तर वर मोकळे दगड नाहीत हे आदल्या दिवशी वर चढून बघा.

काउबॉय टोप्या आणि दारूचा गुत्ता सासवडला आणण्यात अर्थ नाही. पहिल्या शॉटलाच खोटं वाटतं आणि कपड्यांवर खर्चही होतो. वेस्टर्नचा सांगाडा आपल्या मातीत छान बसतो. उदाहरणार्थ, पौष पौर्णिमेच्या जेजुरीच्या गाढवांच्या बाजारातून रोकड घेऊन परतणारा व्यापारी, त्याच्या मागावरचा एक स्वार, आणि मध्ये एक विहीर जिच्यावर दोघांनाही थांबावंच लागेल. काळ १९४० च्या आसपासचा धरला तर धोतर, बंडी, कोपरी, पटका आणि घोंगडी एवढ्यावर काम होतं. बाजार दाखवायचा नाही. व्यापारी बाजारातून निघालाय हे पैशाच्या थैलीवरून, मागून येणाऱ्या गलक्यावरून आणि एका संवादावरून कळतं.

संहिता चौदा-पंधरा पानांची, शॉट १६० ते १८०, म्हणजे दिवसाला ३२ ते ३६. संवाद पडवीत आणि विहिरीवर, बाहेरच्या दृश्यांत जवळजवळ नाहीत. माळावर वारा असतो आणि माइकवर कापूस चढवूनही तो ऐकू येतो.

परवानग्या

हे काम कंटाळवाणं आहे, पण सगळ्यात आधीचं आहे. चित्रपटात प्राणी वापरायचा तर २००१ च्या नियमांप्रमाणे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची शूटिंगपूर्व परवानगी लागते. घोड्याचा मालक, पशुवैद्यकाचा तंदुरुस्तीचा दाखला, दृश्यात घोडा नेमकं काय करणार याचं वर्णन, हे सगळं अर्जासोबत जातं. सेन्सॉर प्रमाणपत्र घ्यायचं असेल तर मंडळाचा ना हरकत दाखला नंतर मागितला जातोच. शूटिंगच्या किमान दोन महिने आधी सुरुवात करा.

जमीन कोणाची ते तलाठ्याकडून नीट कळतं. खासगी असेल तर मालकाची लेखी संमती, गायरान असेल तर ग्रामपंचायत, वनखात्याची असेल तर वनविभाग. माळ मोकळा दिसतो म्हणून तो कोणाचाच नाही असं नसतं. सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यात आणि त्याच्या लगतच्या गवताळ पट्ट्यात घोडे पळवायचा विचारही करू नका. चिंकारा आणि लांडगा यांचं ते घर आहे. नकली बंदुका वापरणार असाल तर स्थानिक पोलीस ठाण्यात तारखांसह लेखी कळवा आणि पोच जवळ बाळगा. ड्रोन उडवायचा असेल तर नागरी विमान वाहतूक खात्याच्या नकाशावर जागा तपासा, लोहगावच्या विमानतळामुळे शहराभोवतीचा मोठा भाग बंदीत येतो. खरं तर या प्रकारच्या पटाला ड्रोन लागत नाही. वरून पाहिलं की घोड्याचा वेग मरतो.

घोडा निवडताना

पुण्याच्या आसपास तीन प्रकारचे घोडे भाड्याने मिळतात, आणि तिघांच्या खोडी वेगळ्या.

लग्नाच्या वरातीतला घोडा बँड, फटाके, गर्दी, दिवे यांना सरावलेला असतो. माणसं, कपडा लावलेले रिफ्लेक्टर, जवळून जाणारी गाडी यांना तो बुजत नाही. जवळचे शॉट, थांबलेला घोडा, चालत येणारा घोडा, विहिरीवर पाणी पिणारा घोडा यासाठी तो उत्तम. पण त्याला नाचायला शिकवलेलं असतं, पळायला नाही. चौखूर उधळवायला गेलात तर पन्नास पावलांत दुडक्या चालीवर येतो.

घोडेस्वारी शिकवणाऱ्या संस्थेतला घोडा पळतो, थांबतो, हुकूम ऐकतो. पाठलागाला हाच. त्याची अडचण म्हणजे तो सारख्या, नरम मैदानावर पळालेला असतो. मुरूम आणि दगडगोटे त्याला नवे असतात. पहिला अर्धा तास त्याला माळावर नुसता फिरवायचा. शर्यतीतून निवृत्त झालेला घोडा दिसायला देखणा असतो, पण तो एकदा सुटला की शेजारचा घोडा मागे पडेपर्यंत थांबत नाही. नवशिक्या नटाला त्यावर बसवू नका.

तिसरा भीमथडी, धनगरांच्या बिऱ्हाडाबरोबर चालणारा. उंचीला कमी, पण या भागातल्या दगडधोंड्यांवर त्याचं पाऊल पक्कं असतं. खाणीतले, घाटातले, ओझ्यासह चालणारे शॉट त्याच्यावर घ्या. १९४० च्या गोष्टीत तो दिसतोही अगदी योग्य. मालकाशी बोलताना भाडं ठरवण्याआधी त्याच्या जनावराचं कौतुक मनापासून करा, आणि घोड्याबरोबर तोच येईल हे पक्कं करा. परक्या मोतद्दाराच्या हातात घोडा अर्धंच काम करतो.

दोन मुख्य घोड्यांचा रंग पूर्ण वेगळा हवा, एक पांढरा किंवा भुरा, दुसरा काळपट. लांबच्या शॉटमध्ये चेहरा दिसत नाही. कोण पुढे आणि कोण मागे हे रंगावरूनच कळतं. जुन्या निर्मात्यांना याचा आणखी एक फायदा ठाऊक होता. १९३२-३३ मध्ये वॉर्नरसाठी लिऑन श्लेसिंजरने जॉन वेनचे सहा वेस्टर्न काढले, तेव्हा केन मेनार्ड या काउबॉय नटाच्या जुन्या मूकपटांतले मोठे पाठलाग, गुरांचे कळप, अपघात त्यात जोडले. ते जुळावं म्हणून वेनला मेनार्डसारखे कपडे आणि मेनार्डच्या घोड्यासारखा पांढरा घोडा दिला. जोडलेलं चित्रण कळू नये याची सगळी तयारी कपड्यांत आणि घोड्याच्या रंगात होती. म्हणून आपल्या पटातही कोणाचेच कपडे बदलायचे नाहीत, पहिल्या दृश्यापासून शेवटपर्यंत एकच वेष. मग पहिल्या दिवशी घेतलेला पळणाऱ्या घोड्याचा शॉट कथेत कुठेही बसतो.

एका घोड्याला दिवसाला ३० ते ४० लिटर पाणी लागतं, ते टँकरचं न देता घरचंच आणायला मालकाला सांगा. पाण्याची चव बदलली की काही घोडे पीत नाहीत. तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, दर तासाला तपासायचा, कारण घाम आणि हालचाल यांनी तो सैल पडतो आणि खोगीर कुशीवर घसरतं. घोडा पडल्याचं दाखवायला माळावरून घसरवणं, दोरी लावणं, खड्डा खणणं हे कायद्याने बंद आहे आणि मनानेही बंद असलं पाहिजे. हॉलिवूडच्या त्या जुन्या पटांत घोड्याच्या पुढच्या पायांना तार बांधून त्याला भरधाव असताना पाडत; कित्येक घोडी त्यात मेली. १९३९ मध्ये आलेल्या एका मोठ्या पटासाठी कड्यावरून उडी मारायला लावलेला घोडा मेला, त्यावर ओरड झाली आणि १९४० पासून अमेरिकन ह्युमेन असोसिएशनची माणसं सेटवर देखरेखीला येऊ लागली. रीत उचलताना एवढा भाग तिथेच सोडायचा.

ऊन

नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत शूटिंग करा. गवत वाळून सोनेरी झालेलं असतं, आकाश स्वच्छ असतं, आणि घोड्याला उन्हाचा त्रास नसतो. ऑक्टोबरमध्ये गवत कमरेएवढं असतं, त्याखालची बिळं दिसत नाहीत आणि घोड्याचा पाय मोडतो. मे महिन्यात सूर्य पुण्याच्या थेट डोक्यावर येतो. पटक्याखाली डोळ्यांच्या जागी काळे खड्डे दिसतात.

डिसेंबरात पुण्याला सूर्य भर दुपारीही ५० अंशांच्या वर जात नाही आणि दिवसभर दक्षिणेकडेच राहतो. यावरून धावपट्टी आखायची. पूर्व-पश्चिम जाणारा, साधारण २५० मीटरचा, सपाट मुरमाचा पट्टा शोधा. उत्तरेला उभं राहून दक्षिणेकडे कॅमेरा केला की ऊन मागून येतं, धुरळा उजळतो, आयाळ चमकते. दक्षिणेला उभं राहून उत्तरेकडे केला की चेहरा आणि डोंगर स्वच्छ दिसतात. जनरेटर नको, दिवे नकोत. चार फूट बाय चार फुटांचे चांदीच्या कागदाचे दोन रिफ्लेक्टर आणि थर्माकोलचे दोन तुकडे बास. पॉव्हर्टी रोवाले बाहेर शूटिंग करत त्याचं मोठं कारण हेच होतं, उन्हाला भाडं नसतं.

पाठलाग

इव्हर्सन रँचवरचे जुने पट नीट पाहिले तर तोच खडक तीन-तीनदा मागे जाताना दिसतो. त्यातले बरेच पट आता अमेरिकेत कॉपीराइटमुक्त आहेत आणि इंटरनेटवर सहज मिळतात. एक लावा, आवाज बंद करा, आणि कागदावर फक्त कॅमेरा कुठे आहे ते लिहीत जा. अर्ध्या तासात युक्ती उघडी पडते: जागा एकच, लेन्स बदलते, दिशा बदलत नाही.

तीन मिनिटांच्या पाठलागाला साधारण ४५ शॉट लागतात, सरासरी चार सेकंदांचे. चौखूर घोडा ताशी चाळीस किलोमीटरने २५० मीटर २२-२३ सेकंदांत पार करतो. दोन कॅमेरे लावून आठ दौडी केल्या की सोळा पट्ट्या मिळतात, म्हणजे पाच मिनिटांहून जास्त चित्रण. एवढं पुरतं, आणि घोडा थकत नाही.

पळणारे स्वार पूर्ण पाठलागभर पडद्यावर डावीकडून उजवीकडे जायला हवेत; एकदा उलटे गेले की ते परत फिरले असं वाटतं. आता धावपट्टी पूर्व-पश्चिम ठेवल्याचा फायदा घ्या. कॅमेरा उत्तरेला असताना पश्चिमेकडे पळणारा घोडा डावीकडून उजवीकडे दिसतो. पट्ट्याच्या टोकाला घोडा थांबला, दहा मिनिटं चालवला, तोवर कॅमेरा पट्टा ओलांडून दक्षिणेला न्या. परतीची दौड पूर्वेकडे होते, आणि दक्षिणेकडून पाहिल्यावर तीही डावीकडून उजवीकडेच दिसते. दिशा कायम, पण ऊन वेगळं, डोंगर वेगळा, जागा नवी. घोड्याला परत यायचंच असतं, ते येणं फुकट जात नाही.

पहिला कॅमेरा साठ-सत्तर मीटरवरून २०० मिलिमीटरच्या आसपास: पुढचा आणि मागचा स्वार यांच्यातलं अंतर दाबलं जातं, प्रत्यक्षात तीस मीटर असलेलं दहा वाटतं. दुसरा कॅमेरा जमिनीलगत, २४ मिलिमीटर, पट्ट्यापासून तीन मीटरवर, वाळूच्या पिशव्यांत रोवलेला आणि माणसाविना. तो चालू करून सगळ्यांनी बाजूला व्हायचं. पुढच्या दौडीला त्याचीच जागा दहा पावलं सरकवून समोर एक निवडुंग किंवा बाभळीची फांदी घ्या. दुसरीच जागा वाटते. एका चौकटीतून आधी पाठलाग होणारा जातो, चौकट रिकामी राहते, मग मागचा येतो. ही रिकामी चौकट किती वेळ ठेवायची हे संकलनात ठरतं: सुरुवातीला चार सेकंद, मग तीन, मग दीड. अंतर कमी होतंय हे प्रेक्षकाला सांगावं लागत नाही.

प्रत्येक दौडीआधी दोन माणसांनी पट्टा पायी चालून बिळं, काचा, तारा, मोकळे दगड पाहायचे. एका घोड्याच्या सहा दौडी झाल्या की अर्धा तास पूर्ण विश्रांती, खोगीर सैल.

गाडीवरून शॉट घ्यायचा असेल तर रिकामा छोटा हत्ती घेऊ नका. त्याच्या पाट्या कडक असतात आणि चित्र थरथरतं. मागे वाळूची सात-आठ पोती टाकली की तो बसतो. गाडी घोड्याच्या तिरकी पुढे, निदान सहा मीटर दूर, आणि वारा ज्या बाजूला वाहतोय त्या बाजूला ठेवायची. उलट ठेवली तर गाडीचा सगळा धुरळा स्वाराच्या तोंडावर येतो आणि घोडा मान फिरवतो. तासाभरापूर्वी पट्ट्यावर पाच हजार लिटरच्या टँकरने हलकं पाणी मारलं तर गाडीचा धुरळा बसतो. गाडीच्या शॉटला वेग ताशी वीस-पंचवीसच ठेवा. वेग लेन्सने आणि संकलनाने वाढतो.

जुने छायाचित्रकार हाताशी दुसरी युक्ती ठेवत: सेकंदाला २४ ऐवजी २०-२२ फ्रेम घ्यायच्या, म्हणजे पडद्यावर घोडा जलद दिसतो. तुमच्या कॅमेऱ्यात हा वेग नसेल तर पाठलाग ५० फ्रेमने घ्या आणि संकलनात २४ च्या टाइमलाइनवर खऱ्या वेगापेक्षा दहा-पंधरा टक्के जलद करा. २४ नेच घेऊन जलद केलं तर मधल्या फ्रेम अनियमित गळतात आणि झटके बसतात. पंधरा टक्क्यांच्या पुढे गेलात की घोड्याची शेपटी आणि स्वाराच्या पटक्याचा शेव चुगली करतात. माणूस चालतोय किंवा झाड हलतंय असा शॉट कधीही जलद करू नये.

पडणं, मारामारी, गोळी

स्वार पडतो हे तीन शॉटमध्ये दाखवतात. पहिला: स्वार खोगिरावर कलतो, जवळून. दुसरा: रिकामा घोडा पळत जातो, यासाठी मोतद्दार पुढे चाऱ्याची बादली घेऊन उभा असतो. तिसरा: माणूस चौकटीच्या वरून जमिनीवर येतो, तो कमरेइतक्या उंचीच्या फळीवरून उडी टाकतो, खाली चार इंच मोकळी चाळलेली माती आणि तिच्याखाली गादी. खऱ्या घोड्यावरून पडायचं असेल तर ते फक्त प्रशिक्षित स्टंटवाल्याने, चालत्या घोड्यावरून आणि रिकिबीतून पाय आधी काढून. रिकिबीत पाय अडकून फरफटणं हा या कामातला सगळ्यात मोठा धोका आहे.

मारामारीत ठोसा चेहऱ्याला लागत नाही, चेहऱ्यासमोरून वीतभर अंतराने निघून जातो. मार खाणाऱ्याच्या पाठीमागे, खांद्यावरून कॅमेरा ठेवला की अंतर दिसत नाही. वेन आणि त्याच्या जागी धोक्याची कामं करणारा यकिमा कनट यांनी दिग्दर्शक रॉबर्ट ब्रॅडबरीबरोबर ही पद्धत याच स्वस्त वेस्टर्नांमध्ये पक्की केली असं मानलं जातं. कॅमेरा बाजूला गेला की खोटं उघडं पडतं, म्हणून मारामारीला दोनच जागा ठेवा.

बंदुकीचा बार घोड्याजवळ कधीही उडवू नका. नळीतून काहीही न सुटणारी नकली बंदूक वापरा, झोत आणि धूर संकलनात एक-दोन फ्रेमपुरते टाका. गोळी दगडावर आपटल्याचा शॉट मात्र खरा घेतला की छान दिसतो: मुलतानी मातीची कोरडी गोळी गलोलीने खडकावर मारा, आणि त्या रेषेत कोणी माणूस वा जनावर नको.

रात्र दिवसा

माळावर खरी रात्र उजळायची तर जनरेटर, मोठे दिवे, रात्रपाळी. त्याऐवजी दुपारी तीन ते साडेचारमध्ये ऊन समोरून येईल अशा बाजूला कॅमेरा करा, दोन स्टॉप कमी एक्स्पोजर द्या (म्हणजे एक चतुर्थांशच उजेड घ्या), आणि चौकटीत आकाश शक्यतो घेऊ नका. जुन्या पटांत कृष्णधवल फिल्मवर गडद लाल फिल्टर लावून निळं आकाश काळं करत. तुमचा पट कृष्णधवल असेल तर रंगदुरुस्तीत लाल चॅनेल वर आणि निळा खाली केला की तेच होतं. एक खूण सांभाळा: सावल्या रात्रीही असतात पण त्या एकाच दिशेला हव्यात, आणि कंदील हातात असेल तर तो दिवसाच्या उजेडात फिका पडतो. कंदिलात जोराचा एलईडी बसवा.

पाच दिवसांची मांडणी

घोडे पहिले दोन दिवस. कथेतल्या पहिल्या दृश्यातला घोडा असो की शेवटच्या, सगळे घोड्यांचे शॉट याच दोन दिवसांत, सकाळी सव्वासात ते साडेदहा आणि दुपारी तीन ते साडेपाच. मधल्या वेळात स्वारांचे पायी शॉट. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घोडे सोडण्याआधी फुकटचे वीस शॉट घ्या: खूर, लगाम धरलेला हात, नाकपुडी, रिकामी रिकीब, धुरळा, रिकामा माळ, घारी. संकलनात अडकलात की यातलाच एखादा वाचवतो.

तिसऱ्या दिवशी घोडा नसलेले घोड्यावरचे शॉट: खोगीर एका पिंपावर बांधा, पिंप छोट्या हत्तीत, कॅमेरा खालून, मागे फक्त आकाश. नटाने मांड्यांनी अंग वर-खाली करायचं, हाताने नाही. चौथा दिवस पडवी आणि विहीर, संवादांचा. पाचवा खाण, मारामारी आणि दुपारची रात्र. पावसाने किंवा ढगांनी दिवस खाल्ला तर कापायचं काय, हे आधी ठरलेलं हवं: संवादांचं एक दृश्य असं लिहा की ते गेलं तरी कथा उभी राहील.

पीआरसीचा दिग्दर्शक सॅम न्यूफील्ड इतके पट एकापाठोपाठ काढी की काहींवर पीटर स्ट्युअर्ट आणि काहींवर शर्मन स्कॉट असं नाव घालावं लागे. तो वेग येई तो प्रत्येक शॉटचे एक-दोन टेक घेऊन. तुम्ही तीनपर्यंत जा, घोड्याच्या शॉटला दोनच.

आवाज

१९३० च्या दशकाच्या सुरुवातीच्या या पटांत पाठलागाखाली संगीत बहुधा नसेच. टापा, वारा, गोळ्या एवढंच. स्वस्त होतं म्हणून तसं होतं, पण माळाचं एकाकीपण त्यामुळे फार चांगलं उतरतं, आणि आपणही तसंच ठेवावं असं आमचं ठाम मत आहे. टापा जागेवर नीट मिळत नाहीत. नारळाच्या दोन करवंट्या, परातीत मुरूम, आणि माइक एक हातावर. दुडक्या चालीला दोन ठोके, चौखुराला चार जवळचे आणि मग अर्ध्या ठोक्याची पोकळी. ही पोकळी राहिली नाही तर घोडा यंत्रासारखा वाजतो. दगडावरच्या शॉटला परातीत मुरमाऐवजी फरशीचा तुकडा. खोगिराची करकर जुन्या चामडी पट्ट्याची, श्वास नटाचाच. माळावर मिनिटभर कोणीही न बोलता नुसत्या वाऱ्याचं ध्वनिमुद्रण सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी वेगवेगळं करून आणा, कारण दुपारच्या शॉटखाली पहाटेची पाखरं वाजली की कान लगेच अडखळतो.